रविवारचे आबा

माझ्या चुलत्यांचा आवाज मी चोरला आणि सात-आठ महिने दर रविवारी बारामतीत वापरला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही शहाणपणाचा आव आणला तरी वाचणाऱ्यानं फसू नये. चोरी उघडी पडली तेव्हा मला एकच भीती होती, की हा माणूस आता माझ्याशी बोलायचा बंद होईल. तो बंद झाला नाही. त्यानं जे केलं ते त्याहून वाईट होतं.

चुलते म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. घरात आणि इंदापूरकडच्या आमच्या सगळ्या निमगाव केतकीत त्यांना आबाच म्हणतात. वडील लवकर गेले, त्यामुळं मला शाळेत घालण्यापासून कॉलेजच्या एस.टी.त बसवण्यापर्यंत सगळं आबांनी केलं. तेव्हा आमची मेंढरं होती. आता आबा घरात एकटेच असतात; डाळिंब आहे, दोन म्हशी आहेत आणि लाईट जायच्या आधी उठून उभं राहणारं एक कुत्रं आहे. आबा त्या कुत्र्याला लाईटीच्या वेळापत्रकापेक्षा जास्त मानतात.

मी मात्र बारामतीत क्लास चालवते. पाटीवर 'संभाषण कौशल्य व व्यक्तिमत्त्व विकास' असं लिहिलंय, पण काम साधं आहे: 'हाय'चं 'आहे' करायचं आणि 'न्हाय'चं 'नाही'. कोऱ्हाळ्याचा किंवा सोमेश्वरनगरचा मुलगा माझ्याकडं तीन महिने येतो आणि जाताना मुलाखतीत "मला आव्हानं स्वीकारायला आवडतात" असं न अडखळता म्हणतो. त्याला आव्हानं आवडत नाहीत. कुणालाच आवडत नाहीत. पण 'आवडत्यात' न म्हणता 'आवडतात' म्हणतो, एवढं श्रेय माझं. मी स्वतः हे सगळं इतकं आधी आणि इतकं नीट घासून काढलं होतं, की लोक मला "तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?" असं विचारायचे आणि मी "नाही हो" म्हणताना जरा जास्तच खूश व्हायचे.

क्लासच्या खाली एका दातांच्या डॉक्टरचा दवाखाना आहे. त्यानं एकदा येऊन विचारलं, रविवारी सकाळी तुमची खोली रिकामी असते, आम्ही तिघं तिथं खेळू का? मला वाटलं कॅरम असेल. निघाला रोलप्लेइंग गेम. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एकजण गोष्ट सांगत जातो त्याला मास्टर म्हणायचं, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं आणि एखादी गोष्ट जमली की फसली हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. थोडक्यात मोठ्या माणसांची भातुकली. फक्त भातुकलीत कुणी नियमांचं पुस्तक काढून भांडत नाही.

खोली माझी, म्हणून मलाही चौथी म्हणून घेतलं. डॉक्टरचं पात्र जंगलातला धनुर्धारी होता. तो बोलायला लागला की वाटायचं कुणीतरी परदेशी पिक्चर घाईघाईत मराठीत डब करतंय. "मित्रांनो, मला वाऱ्यात धोक्याचा गंध येतोय," असं तो म्हणायचा, आणि खरा गंध खालून त्याच्याच दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलाचा यायचा. दुसरा सोमेश्वरनगरकडून येणारा, साखर तपासणारा केमिस्ट. त्याचं पात्र बुटका लोहार. या लोहाराला आवाज म्हणून त्यानं खोकला दिला होता. प्रत्येक वाक्याआधी दोनदा आणि रागावला की चारदा. दुपारपर्यंत त्याचा घसा खरोखर बसायचा आणि यालाच तो अभिनय समजायचा.

मास्टर म्हणजे बाजारपेठेतल्या जुन्या चपलांच्या दुकानाचा मालक. त्यांचं मुसलमान घराणं तीन पिढ्या बारामतीत चपला विकतंय, आणि तरी गिऱ्हाईक त्याला कौतुकानं म्हणतं, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" तो नम्रपणे म्हणतो, "तुमचंही बरं आहे." चौघांत आवाजाची खरी जाण त्याला एकट्याला होती. राजा, भिकारी, घोडेवाला, सगळे तो नुसत्या श्वासावर वेगळे करायचा. पण त्याच्यासकट आमची सगळ्यांची एक खोड होती. राजे, पंडित, जादूगार बोलायचे पुण्याच्या पेठांतलं. चोर, राक्षस आणि पुलाखालचा माणसं खाणारा प्राणी बोलायचे इंदापूरकडचं. मला हे पहिल्याच रविवारी कळलं होतं, आणि मी सगळ्यांबरोबर हसले होते.

माझं पहिलं पात्र वैद्यीण. ती माझ्याच क्लासच्या आवाजात बोलायची. पाचव्या रविवारी मास्टरनं तिला दरीत पाडून मारलं. फासा टाकायची संधीसुद्धा दिली नाही.

"तुमची वैद्यीण जखमी माणसाला मुलाखतीला बसवल्यासारखं बोलते," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी नवीन पात्र आणा. ओळखू येईल असा आवाज द्या त्याला. आवाज सापडत नसेल तर तीन गोष्टी ठरवायच्या. त्याला काय हवंय, ते कशाला भितं आणि गप्प कधी बसतं. मग आवाज आपोआप येतो."

आठवडाभर मी स्वयंपाकघरात सराव केला. राणी करून पाहिली, चेटकीण करून पाहिली, मधाळ बोलणारी विषकन्या करून पाहिली. सगळ्याजणी 'आव्हानं स्वीकारायला आवडतात' असंच म्हणतील अशा वाटत होत्या. शनिवारी आबांचा फोन आला. ते नेहमीसारखे मध्येच सुरू झाले. "मोटर चालू हाय, आन कुत्रं उठून हुबं ऱ्हायलंय. आता लाईट जातीया बघ. त्याला कळतंय, मला न्हाय." मी म्हटलं, "आबा, मी आत्ता जरा मीटिंगमध्ये आहे, सवड झाली की मी करते हं." मीटिंग कुकरशी होती. फोन ठेवला आणि सहज, कुणी नसताना, त्यांचं वाक्य तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. शिट्टी व्हायच्या आत माझं पात्र तयार झालं.

रविवारी मी म्हातारा धनगर आणला. त्यानं डोंगरातल्या पहारेकऱ्याला पहिलंच वाक्य टाकलं, "आरं बाबा, तलवार खाली घी. तुला कळंना, मला कळंना, मंग भांडायचं कुणी?" केमिस्ट हसता हसता खरा खोकला. डॉक्टरनं टेबलावर हात आपटले. मास्टरनं वहीत काहीतरी लिहिलं, आणि त्या दिवसापासून गोष्ट माझ्या म्हाताऱ्याभोवती फिरायला लागली. इतक्या वर्षांत मला कुणी इतकं एकाग्र होऊन ऐकलं नव्हतं. ज्या बोलीला मी क्लासात तीन महिन्यांत हाकलून लावत होते, तिच्यावर मी रविवारी टाळ्या घेत होते, आणि यात काही चुकतंय असं मला मुळीच वाटलं नाही. उलट मी कलावंत आहे असं वाटलं.

मग मी हाळी दिली. इथं जरा थांबून सांगावं लागेल. मेंढरं राखणाऱ्या प्रत्येक माणसाची आपल्या कळपाला बोलवायची हाळी वेगळी असते. आबांची हाळी म्हणजे आधी टाळ्याला जिभेचा एक टक्क आवाज, मग पुढच्या दोन दातांच्या फटीतून लांब 'हिर्रर्र', आणि शेवटी वर चढत जाणारा 'होऽय'. शेजारी दहा कळप बसलेले असले तरी आमचीच मेंढरं उठायची. म्हणून कळप विकला की आमच्या घरात एक रीत आहे. विकणाऱ्यानं कळपाबरोबर तीन दिवस चालायचं. पहिल्या दिवशी हाळी त्यानं द्यायची, दुसऱ्या दिवशी दोघांनी, तिसऱ्या दिवशी फक्त घेणाऱ्यानं. आणि त्यानंतर विकणाऱ्यानं ती हाळी जन्मात तोंडातून काढायची नाही. कारण लांबून जरी कानावर आली तरी मेंढरं नवा धनी सोडून मागं फिरतात. तसं झालं तर विकलं काय आणि घेतलं काय.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. गुडघे गेले म्हणून आबांनी कळप विकला, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्यांना आणायला स्कूटीवर मीच गेले होते. नवा धनी हाळी देत होता आणि मेंढरं आबांकडं बघत होती. आबांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडात धरला आणि माझ्यामागं बसले. घर येईपर्यंत तो काढला नाही. त्यानंतर त्यांनी ती हाळी कधीच दिली नाही, चेष्टेतसुद्धा नाही. आणि मी ती बारामतीत, पंख्याखाली, बिस्किटं खाता खाता दिली. शत्रूच्या तळावर मेंढरांचा लोंढा सोडायला. फासा चांगला पडला, तळ उद्ध्वस्त झाला, आणि केमिस्टनं मला ती मोबाईलमध्ये रेकॉर्ड करायला लावून तिची रिंगटोन केली.

यानंतर आबांचे पुढचे दात हलायला लागले. मागचे कधीच गेले होते. मी त्यांना आमच्याच डॉक्टरकडं आणलं. उरलेले दात काढून त्याच दिवशी कवळी बसवायची, त्यासाठी माप आधी घ्यायचं, असं ठरलं. शनिवारी सकाळी माप होतं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार उघडंच होतं.

डॉक्टरचा एक स्वभाव आहे. समोरच्याच्या तोंडात ट्रे घातला की त्याला गप्पा सुचतात. त्यानं आबांच्या तोंडात मापाचा लगदा भरला, "आता पाच मिनिटं हलायचं नाही आणि बोलायचं नाही" असं सांगितलं, आणि त्यांना रमवायला सुरुवात केली.

"तुमची पुतणी मोठी कलाकार आहे हं, आबा. आमच्या खेळात एक अडाणी धनगर करते. हसून हसून मरायची वेळ. थांबा, दाखवतो."

आणि त्यानं करून दाखवला. माझी नक्कल करणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून आबांचा आवाज बाहेर आला, तोही वाईट. कुत्रं आलं, मोटर आली, लाईट आली. मग त्यानं हाळीही दिली. मी बाकावरून उठले आणि परत बसले, कारण आत जाऊन म्हणणार काय होते? दारातून मला आबांचे फक्त पाय दिसत होते. ते खुर्चीवर सरळ ठेवलेले होते आणि एकदाही हलले नाहीत.

जिना उतरून आबा स्टँडची वाट धरून पुढं चालायला लागले. एस.टी. स्टँडवर रुमालानं ओठ पुसत म्हणाले, "उद्या रैवार. तुमचा ख्योळ असतोय म्हनं. येतो मी."

"आबा, तुम्हाला कंटाळा येईल तिथं."

"मला कशाचा कंटाळा? मेंढरामागं जल्म गेला माझा."

रविवारी दहाच्या ठोक्याला ते धुतलेला सदरा घालून हजर. मास्टरनं खुर्ची दिली. त्याच्याकडं निरखून बघत आबा म्हणाले, "तुमी चपलंच्या दुकानातलं न्हवं? तुमच्या वडलांनी मला करकरनारी वहान दिली हुती. आजून करकरतीया." मास्टर मनापासून हसला आणि त्यानं त्यांना आपल्या शेजारी बसवलं.

खेळ सुरू झाला. मी माझ्या म्हाताऱ्याला शक्य तेवढं शुद्ध बोलायला लावलं. "आपण थोडा विचार करून पुढं जावं, असं मला वाटतं," असं तो धनगर म्हणाला. डॉक्टरनं भुवया उंचावल्या.

"काय झालं तुमच्या म्हाताऱ्याला? पदवी घेतली का?"

"बरं वाटत नाहीये त्याला."

"हाळी द्या, हाळी! बरा होईल," केमिस्ट म्हणाला, आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यानं मोबाईल काढून ती वाजवलीच. टक्क, हिर्रर्र, होऽय. दोघं मोठ्यानं हसले. मास्टर हसणार होता, पण त्याचं लक्ष आबांकडं गेलं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हातातलं नियमांचं पुस्तक मिटलं.

"हे कोन?" आबांनी विचारलं.

"ही यांचीच करामत," डॉक्टर म्हणाला. "काल मी करून दाखवलं ना? पण मला यांच्यासारखं जमत नाही."

"न्हाय. तुमी लई वंगाळ करता," आबा म्हणाले. "ही बरं करती."

सगळे पुन्हा हसले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. मास्टरनं बिचाऱ्यानं मला सोडवायला म्हणून घाईघाईनं सांगितलं, "आबा, तुम्हीही एक पात्र घ्या. सोपं आहे. त्याला काय हवंय, ते कशाला भितं आणि गप्प कधी बसतं, एवढं सांगायचं."

आबांनी टॉवेलची घडी मांडीवर ठेवली. "बाई चालंल का?"

"चालेल की."

"एक बाई हाय. तिला काय हवंय? समद्यांनी शानी म्हनावं. भिती कशाला? आपन कुठल्या, हे कुनाला कळू ने."

"आणि गप्प कधी बसते?"

"गावाकडनं फोन आला की."

मास्टरनं क्षणभर खाली पाहिलं. मग खेळाचा धर्म म्हणून त्यानं पहारेकऱ्याचा आवाज लावला. "कोण आहे? किल्ल्याच्या दारात कोण उभं आहे?"

आबांनी डावा हात कानाशी नेला, मान एका बाजूला कलती केली, उजव्या हातानं नसलेली ओढणी सारखी केली, आणि त्या दाढी वाढलेल्या तोंडातून माझा आवाज निघाला. "हॅलो, हां, बोला ना. मी आत्ता जरा मीटिंगमध्ये आहे. सवड झाली की मी करते हं."

"बाई, तुम्हाला आत यायचं आहे ना?" पहारेकरी गोंधळला.

"हो हो, नक्की. पुढच्या आठवड्यात बघूया. जेवलात का? गोळ्या घेता ना वेळेवर? बरं, ठेवते."

तोच स्वर. तेच 'हं' शेवटी जरासं वर नेलेलं, जे मी मुलांना शिकवते, त्यानं समोरच्याला आदर वाटतो म्हणून. डॉक्टरनं डोळे पुसले. "अगदी अशी माझी एक मेव्हणी आहे," तो म्हणाला. "प्रत्येकाची एक असतेच," केमिस्ट म्हणाला. बाई कोण हे त्या दोघांना कळलं नाही. मास्टरनं फासा आबांच्या हातात दिला. त्यांनी तो टाकला आणि वीस पडले. वीस म्हणजे पूर्ण यश. सात-आठ महिन्यांत मला एकदाही वीस पडले नव्हते. पहारेकऱ्यानं दार उघडलं आणि बाई किल्ल्यात गेल्या.

मी त्यांना स्कूटीवरून स्टँडवर सोडलं. गाडी लागायची होती. आबा समोर बघत म्हणाले, "माझं बोलनं घे. हसीव लोकास्नी. माझं काय झिजत न्हाय. पर हाळी माझी न्हाय. ती त्या गड्याला दिली. दिल्याली वस्तू तू उचलून आनलीस कशी?"

मी स्कूटीचा आरसा उगाच नीट केला.

"आन एक सांग. त्या ख्योळात मी हाय, तो खोकनारा हाय, दातवाला हाय. तू कुठं हायस?"

"आबा, ते फक्त एक पात्र असतं. म्हणजे संकल्पना अशी आहे की..."

"बरं," आबा म्हणाले, आणि गाडीत चढले.

पुढच्या रविवारी मी टेबलावर सगळं सांगून टाकलं. कळप, तीन दिवसांची रीत, टॉवेल. डॉक्टरनं हातातला फासा खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी त्यांच्या तोंडात ट्रे घालून त्यांनाच..." मी म्हटलं, हो. केमिस्टनं रिंगटोन पुसली. आता त्याचा फोन वाजला की त्याचाच लोहार खोकतो आणि आजूबाजूचे लोक लांब सरकतात.

पण आबांचं काय? त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं नाही. मी रोज फोन करत होते आणि ते रोज उचलत होते. पलीकडून लगेच माझाच आवाज यायचा. "हॅलो, मी आत्ता जरा मीटिंगमध्ये आहे. सवड झाली की मी करते हं." आणि फोन बंद. मागं कधी म्हैस ओरडत असायची, कधी मोटर चालू असायची. पहिल्या दिवशी मी हसले. तिसऱ्या दिवशी रागावले. आठव्या दिवशी मोजायला बसले, की हे वाक्य मी त्यांना किती वर्षं ऐकवतेय, आणि मोजणं सोडून दिलं. स्वतःचा आवाज इतका गोड आणि इतका बंद असतो हे फोनच्या त्या बाजूला बसल्याशिवाय कळत नाही. दोन आठवडे हे चाललं. मग एक दिवस पलीकडून "हॅलो, मी..." एवढंच आलं, एक बारीक शिट्टी वाजली आणि फोन कटला. त्यानंतर तेही थांबलं. फोन नुसता वाजत राहायचा.

त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारची बॅच चालू होती. मी फळ्यावर 'माझे गाव डोंगराजवळ आहे' असं लिहून एकेकाकडून म्हणवून घेत होते. मागच्या बाकावर कुणीतरी येऊन बसलं. वळून पाहिलं तर आबा. मुलांना वाटलं नवीन प्रवेश आहे. एकानं त्यांच्याकडं वहीसुद्धा सरकवली. मी शिकवत राहिले. 'हाय नाही, आहे' हे त्या दुपारी माझ्याच्यानं एकदाही म्हणवलं नाही. ज्याला जसं म्हणायचं तसं त्यानं म्हटलं आणि मी सगळ्यांना छान म्हणाले.

मुलं गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. आबांचं तोंड बदललं होतं. गाल भरले होते, ओठ पुढं आले होते, आणि बोलायला लागले तेव्हा प्रत्येक 'स'बरोबर शिट्टी वाजत होती.

"बसवली कवळी?"

"बशिवली. खाली तुझ्या डॉक्टरकडं आलतो. तो बापडा काय बोललाच न्हाय. हात जोडून हुबा." ते थांबले. जिभेनं दात चाचपले. "फोनवर तुझं सोंग कराया गेलो तर शिट्टी वाजली. सोंगाचं जाऊ दी. माझं मलाच वळखू यीना गं. कुत्र्याला हाक मारली, तर ते माझ्या मागं कोन हाय ते बघाय लागलं."

"होईल सवय, आबा. महिनाभर लागतो म्हणतात."

"हुईल. पर जुना त्यो गेलाच की. फट गेली, समदंच गेलं." मग ते बाकावर जरा पुढं सरकले. इतके लाजलेले आबा मी पहिल्यांदा पाहिले. "तुझ्यापाशी हाय न्हवं माझा आवाज. वाईच बोल की. हाळी सोडून. मी कसा बोलायचो, त्ये बघू."

इतके रविवार जे मी न मागता केलं होतं, ते मागितल्यावर मला दोनदा सुरुवात करावी लागली. मी कुत्र्याचं वाक्य म्हटलं. ते मान हलवत म्हणाले, "न्हाय. मोटर म्हनताना मी इतकं तानत न्हाय. ते तू हसवायला करतीस." खरं होतं. मी पुन्हा म्हटलं, न ताणता. मग पुन्हा. मोटर चालू हाय, आन कुत्रं उठून हुबं ऱ्हायलंय. आता लाईट जातीया बघ. त्याला कळतंय, मला न्हाय. यात हसण्यासारखं काही नव्हतंच. घरात एकट्या असलेल्या माणसानं कुणाला तरी सांगावं म्हणून सांगितलेलं ते होतं, आणि ते मला आत्ता, स्वतःच्या तोंडानं म्हणताना ऐकू आलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आबांनी डोळे मिटून घेतले होते. "हां," ते म्हणाले. "ह्योच. असाच हुतो मी."

त्यांनी टॉवेलनं ओठ टिपले. मग डोळे उघडून, नव्या दातांतून शिट्टी वाजवत म्हणाले, "माझं झालं. आता तुझं बोल."

मी तोंड उघडलं, आणि त्यातून आता कोण बोलतंय, याची आम्ही दोघं वाट बघत बसलो.